अकरातले चार

१

हौसराव थोरातांच्या दाराचं कुलूप जालिंदर गायकवाडांनी तोडलं, तेव्हा आत कुणीच नव्हतं.

दोघं शेजारी. दोघंही दौंडला रेल्वेत होते आणि तिथंच निवृत्त झाले. हौसराव मालगाडीचे गार्ड, जालिंदर इंजिनाचे ड्रायव्हर. जालिंदर महिनाभर नाशिकला मुलाकडं राहून आले, तर शेजारच्या दारातलं कढीपत्त्याचं रोप वाळून गेलेलं. हाका मारल्या, मागच्या खिडकीतून डोकावले, शेवटी पहारीनं कुलूप काढलं आणि मग पोलीस ठाण्याला फोन केला.

मी पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते. मी सुलक्षणा ओव्हाळ, दौंडला फौजदार म्हणून बदलून आले त्याला वर्षही झालं नव्हतं.

घरात झटापटीची काही खूण नव्हती. अंथरूण घडी घालून ठेवलेलं, गॅस बंद, भांडी पालथी. मागच्या दोरीवर एक सदरा होता. उन्हानं त्याचा एका बाजूचा रंग उडाला होता. माणूस संध्याकाळी परत यायचं म्हणून बाहेर पडला आणि आलाच नाही, एवढं दिसत होतं. उशीखाली त्यांचा फोन सापडला. बॅटरी केव्हाच संपलेली.

"एक महिना कुणाला पत्ता नाही?" मी विचारलं. "मुलगी आहे ना त्यांना?"

"हाय की. माया. शिरूरला दिलीय." जालिंदर माझ्याकडं न बघता बोलत होते. "पण मॅडम, तुम्हाला वाटतंय ते इतकं सरळ न्हाई. मी नाशकात होतो तरी निवांत होतो. कारण हौसराव रोज खेळत होता."

"काय खेळत होते?"

त्यांनी स्वतःचा फोन पुढं केला. पडद्यावर हिरवं मैदान होतं, त्यावर अकरा छोट्या जर्सी आणि वर नाव: हौसराव गार्ड.

"ही त्याची कालची टीम," जालिंदर म्हणाले. "काल संध्याकाळी लावलेली."

२

हा फुटबॉलचा खेळ मला माहीत नव्हता. जालिंदरनी तो तिथंच पायरीवर समजावला.

रोज कुठल्या ना कुठल्या देशात सामने असतात. ॲपवर प्रत्येक खेळाडूची एक किंमत असते, तिला क्रेडिट म्हणायचं. ठराविक क्रेडिटांत अकरा जण निवडायचे. ते मैदानात जसं खेळतील तसे आपल्याला गुण. पैशाचा काही संबंध नाही. चौघांचा गट होता: हौसराव, जालिंदर, हौसरावांचा जावई सत्यजीत आणि हौसरावांच्याच घराच्या पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा भाडेकरू आयुष.

"सगळे गोल मारणाऱ्यांच्या मागं लागत्यात," जालिंदर सांगत होते. "म्हंजी क्रेडिटं तिथंच संपत्यात. हौसराव आधी बचाववाले निवडायचा. चार. तेबी पडेल टीमचे."

"पडेल टीमचे का?"

"आता बघा. मोठ्या टीमचा बचावपटू महाग, आन् सामनाभर त्याच्याकडं बॉल येतच न्हाई. गुण कुठनं मिळणार? पण जी टीम मार खातीय, तिच्या बचाववाल्यावर नुसता पाऊस. अडवलेला प्रत्येक बॉल, काढून घेतलेला प्रत्येक बॉल, सगळ्याचे गुण. आन् किंमत निम्मी. हौसराव म्हणायचा, काम जास्त आन् नाव कमी, असला गडी हुडकायचा."

"मग या महिन्यात त्यांची टीम वेगळी वाटली का?"

"सुरवातीला वाटली. चार-पाच दिवस बचाववाले स्वस्तातले होते, पण खेळलेच न्हाईत. बाकड्यावर बसून. आम्ही ग्रूपवर लई चेष्टा केली. मग परत गाडी रुळावर आली."

एवढ्यात आतून हवालदारानं हाक मारली. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती, पुढचं कुलूप बाहेरून. आणि त्या कुलपाच्या किल्ल्यांपैकी एक, जालिंदर म्हणाले, आयुषकडं असायची; पण सकाळी त्याचं दुकान उघडेपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता.

३

आयुष तिशीचा, बारीक, सारखा हात पुसणारा. दुकानात दोन स्टुलं आणि उघडे पडलेले फोन.

"किल्ली हाय माझ्याकडं, पण मी आत गेलो न्हाई," तो म्हणाला. "आप्पा असे अधनंमधनं जायचे कुठंतरी. दोन दिवसांनी यायचे. विचारलं की म्हणायचे, मोकळ्या हवेला गेलो होतो."

"महिनाभर?"

त्यानं मान खाली घातली. "आमचं वाजलं होतं मॅडम. आप्पांनी दुकान खाली करायला सांगितलं होतं. मला वाटलं, न्हाईत तर बरंच हाय, विषय तर निघत न्हाई. आन् टीम तर रोज दिसत होती."

टीम दिसत होती. तिसऱ्यांदा हे वाक्य ऐकायच्या आधीच मला त्याची भीती वाटायला लागली होती.

"फोन इथं बंद पडलेला. मग टीम लागते कशी?"

"त्याला तोच फोन लागत न्हाई. आयडी आन् पासवर्ड असला की कुठल्याबी फोनवर. दोन फोनवर एकदम पण चालतं."

"पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"मला. आयडी काढून दिला सत्यजीतभाऊंनी, म्हंजी त्यांना. आप्पांना स्वतःला." त्यानं परत हात पुसले. "आन् आप्पांनी अजून कुणाला तरी दिला असणार. एकदा माझ्याकडं दुसराच एक फोन घेऊन आले होते. ह्याच्यावर पण आपला खेळ टाकून दे, म्हणाले. मागं गुलाबी कव्हर होतं."

"कुणाचा फोन?"

"ते न्हाई सांगितलं. हसले नुसते."

४

न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला गेले. मायाचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेवर सासू पडून होती, कमरेखाली हालचाल नसलेली. माया तिची कूस बदलून देत होती. मी सांगितलं ते ऐकून तिनं आधी सासूच्या पाठीखाली उशी नीट लावली आणि मगच ती खाली बसली.

"पण काल तर बाबांचे सगळ्यांत जास्त गुण होते," ती म्हणाली.

सासूला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही आतल्या खोलीत गेलो. आईला जाऊन वर्ष होत होतं, तेव्हा वडील म्हणाले होते, मला सोबत हवीये, एक बाई आहे माझ्या ओळखीची. पुढचं मायानं ऐकूनच घेतलं नव्हतं. कोण, कुठली, काही नाही. "आईची भांडी तरी वाळू द्या, असं बोलले मी त्यांना. तेव्हापासून त्यांचा फोन नाही आणि माझाही नाही. रोज रात्री हे कामावरून आले की ह्यांच्या फोनवर बाबांची टीम बघायची. टीम असली की वाटायचं, ठीक आहेत. रुसलेत, पण ठीक आहेत."

माझी आई रोज सकाळी फुलांचं एक चित्र पाठवते. मी ते उघडून बघत नाही. आलं म्हणजे आई बरी आहे, एवढ्यावर माझा दिवस सुरू होतो. शिरूरच्या त्या खोलीत मला ते आठवलं.

सत्यजीत सकाळचं औषध आणायला गेला होता, तो आला. उंच, नीटनेटका, रांजणगावला एका कारखान्यात सुपरवायझर. बातमी ऐकून तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"पाण्यात बिण्यात तर..." तो म्हणाला आणि मायाकडं बघून थांबला. "आम्ही तक्रार देतो मॅडम. काय लागेल ते करतो."

"टीम कोण लावत असेल?"

"आयुष. दुसरं कोण? त्याला खोली सोडायची नव्हती. मामांचं सगळं गुपित काय, तर बचावपटू स्वस्तातले घ्यायचे. ते कुणालाही जमेल."

माया त्याच्याकडं बघत होती. मग अगदी हळू मला म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी महिनाभर कुणाची टीम बघून झोपत होते?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालिंदरना ठाण्यात बोलावलं. फोनचा माग काढून उपयोग नव्हता; त्यांचा फोन तर आमच्याच कपाटात होता. मला त्या महिन्याच्या टीमच हव्या होत्या. ॲपवर जुन्या टीम दिसतात. चहा मागवला आणि एकेक उघडत गेलो.

"स्वस्त आणि टाकाऊ यातला फरक सांगा मला," मी म्हणाले.

"टाकाऊ म्हंजी जो खेळणारच न्हाई. तेबी स्वस्त असतात. म्हणून टीम लवकर लावायची न्हाई. सामन्याच्या तासभर आधी कोण खेळणार त्यांची नावं जाहीर होत्यात, तवाच हात लावायचा. हौसराव त्या वेळेला कुणाशी बोलायचा न्हाई."

सुरुवातीच्या चार-पाच टीममध्ये बचावपटू स्वस्त होते, पण निम्मे बाकड्यावर. म्हणजे निवडणाऱ्याला हौसराव स्वस्तातले घेतात एवढंच ठाऊक होतं, का घेतात ते नाही. शिवाय नावं जाहीर व्हायच्या आधीच त्यानं हात लावलेला. हे हौसराव नव्हते.

मग पुढच्या टीम. चारही बचावपटू पडेल संघांचे, चारही मैदानात उतरलेले, चारही घाम गाळून गुण मिळवणारे.

"हाच हौसराव," जालिंदर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "मॅडम, हा हौसरावच हाय. दुसऱ्याला जमायचं न्हाई."

"आणि पुढचे सात?"

ते वाकून बघायला लागले. मी बोट ठेवलं. त्या टीममध्ये मधल्या फळीतला एक जण बाकड्यावर होता. शून्य गुण. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक महागडा गोल मारणारा बाकड्यावर. रोज नाही, पण वरचेवर. आणि बचावात मात्र एकदाही नाही.

"जो माणूस जाहीर झालेली नावं बघून चार निवडतो, तो उरलेल्या सातांत बाकड्यावरचा कसा ठेवेल?"

जालिंदरनी चष्मा काढला. "म्हंजी?"

"म्हणजे एका टीममध्ये दोन माणसं आहेत. एक दिवसा सगळी अकरा नावं लावून जातो, त्याला संध्याकाळी बघता येत नाही. दुसरा संध्याकाळी येतो आणि फक्त चार बदलतो."

दुसरा म्हणजे हौसरावच. जिवंत होते, कुठंतरी एका फोनपाशी होते. मग पहिला कोण? मी त्याच दिवसांच्या बाकीच्यांच्या टीम उघडायला सांगितल्या. आयुष दिवसभर दुकानात फोन हातात घेऊन बसतो. त्याच्या टीममध्ये बाकड्यावरचा एकही नव्हता. जालिंदरच्याही नाही. सत्यजीतच्या टीममध्ये मात्र तोच मधल्या फळीतला, तोच गोल मारणारा. ज्या दिवशी हौसरावांच्या सातांत शून्य, त्या दिवशी त्याच नावाचं शून्य सत्यजीतच्या टीममध्ये.

"सत्यजीतला संध्याकाळी का बघता येत नाही?"

"दुसरी पाळी हाय ना त्याची," जालिंदर म्हणाले. "फोन गेटवर जमा करावा लागतो." मग त्यांनी पहिल्या दिवसांच्या टीम परत उघडल्या. थोड्या वेळानं म्हणाले, "आता ध्यानात आलं. ते पहिले चार-पाच दिवस आम्ही हौसरावची एवढी चेष्टा केली. सत्यजीत एका शब्दानं बोलला न्हाई. एरवी सगळ्यांत पुढं तोच असतो."

६

पाळी सुरू व्हायच्या आधी मी रांजणगावला त्याच्या कारखान्याबाहेर गाडी लावली. तो मोटरसायकलवरून उतरला, मला बघितलं आणि हेल्मेट न काढता तसाच जवळ आला.

"बसा आत," मी म्हणाले. "हौसराव कुठं आहेत?"

"मला कसं..."

"तुम्ही रोज दुपारी त्यांची टीम लावता. मायाताईंना दिसावी म्हणून. पहिल्या टीम लावल्या तेव्हा त्यांच्या बचावपटूंचं गणित तुम्हाला माहीत नव्हतं. पुढं कुणीतरी रोज संध्याकाळी तुमचे चार काढून दुसरे चार घालायला लागलं. हे तुम्हाला दिसत होतं. पाळीवरून सुटल्यावर रोज दिसत होतं."

त्यानं हेल्मेट काढलं. ते मांडीवर घेतलं.

"वरवंडला आहेत," तो म्हणाला.

बाई तिथली. पार्वतीबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. हौसराव तिच्याकडं जायचे, दोन दिवस राहायचे. मुलीचा फोन आला तर खोटं बोलायला नको म्हणून आपला फोन घरीच ठेवून जायचे. तिथंच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांनी बाईला आधीच सांगून ठेवलं होतं, मला काही झालं तर आधी जावयाला कळव, तो मायाला नीट समजावून सांगेल.

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, मायाला सांगितलं. ती चिडलीय, यायला तयार नाही. तुम्हीच सांभाळा."

बाहेर पाळीचा भोंगा झाला. माणसं फोन जमा करायला रांगेत लागत होती.

"आई दोन वर्षं खाटेवर आहे मॅडम. माया रात्रीची धड झोपत नाही. तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी मामांना घेऊन आली असती. त्या दोन खोल्यांत दुसरी खाट. मला नुसतं थोडे दिवस ढकलायचे होते." तो माझ्याकडं वळला. "आणि तुम्हाला माहीत नाही, आमच्या पाहुण्यांत काय बोलतात. त्या बाईच्या घरी ते राहतात म्हटल्यावर, म्हणजे ती लोकं..."

त्याची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली आणि तो थांबला.

"पूर्ण करा," मी म्हणाले.

तो हेल्मेटचा पट्टा चाळत राहिला.

"चार बदललेले पहिल्यांदा दिसले तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"वाटलं, त्यांना सगळं समजतंय." त्याचा आवाज खाली गेला. "आधी वाटायचं, डोकंपण गेलं असेल. मग आपण काही एवढं वाईट करत नाही, असं स्वतःला सांगता यायचं. पण ते संध्याकाळी येऊन माझे चार काढायचे. रोज. मला वाटायचं, ते माझ्याशीच बोलतायत."

७

शेजारणीला सासूपाशी बसवून मायाला गाडीत घेतलं. चौफुल्यापर्यंत ती आणि सत्यजीत मागच्या सीटवर दोन खिडक्यांना चिकटून बसले होते. सगळं मीच सांगितलं होतं, निघण्याआधी. तिनं नवऱ्याला एकच प्रश्न विचारला: "मी येत नाही असं सांगितलंस?" त्यानं मान हलवली. मग तिनं खिडकीची काच खाली केली.

वरवंडला हायवेपासून आत, वस्तीच्या टोकाला पार्वतीबाईंचं घर. उन्हं कलली होती. अंगण झाडलेलं, दारात वॉकर. दार उघडलं ती बाई साठीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तिनं आधी माझा गणवेश बघितला आणि मग मायाला.

"तू माया," ती म्हणाली. "डोळे त्यांचेच हायत. या आत. मला वाटलं, येतीस का न्हाईस."

"मला माहीतच नव्हतं," माया म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

पार्वतीबाईंनी मागं उभ्या असलेल्या सत्यजीतकडं बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं.

हौसराव आतल्या खोलीत खाटेवर टेकून बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. उजवा हात उशीवर ठेवलेला, परक्याचा असल्यासारखा. मुलीला बघून त्यांचं तोंड उघडलं, एक आवाज आला. शब्द नव्हता. माया खाटेपाशी खाली बसली आणि त्यांच्या त्या निर्जीव हातावर कपाळ टेकून रडायला लागली. डावा हात लांबून आणून त्यांनी तिच्या केसांवर ठेवला.

मी आणि पार्वतीबाई दारात उभ्या होतो. गुलाबी कव्हरचा फोन खिडकीत चार्जिंगला होता.

"दवाखान्यात लगेच नेलं, म्हणून जीव वाचला," त्या हळू आवाजात सांगत होत्या. "डॉक्टर म्हणाले, वाचा परत यायची तर ओळखीचे आवाज कानावर पडायला पाहिजेत. लवकर. घरच्या माणसांना बोलवा. मी कुणाला बोलवू? माझा एकटीचाच आवाज. मग एक दिवस ह्यांनी फोनकडं बोट केलं. खेळ उघडून दिला. बघितलं तर टीम आधीच लावलेली. ह्यांचे डोळे एवढे मोठे झाले. कुणी लावली ते ह्यांना बरोबर कळलं असणार, पण ह्यांना सांगता येईना. मग मी नावं दाखवत जायची आन् हे डाव्या बोटानं चार बदलायचे. तेवढ्यानंच हात दमायचा."

"बाकीचे सात?"

"म्या विचारलं. नको म्हणाले मानेनं."

मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं की मुलगी रोज ती टीम बघते. जिला आपल्याकडं यायचं नाही असं त्यांना सांगितलं गेलं होतं, तिच्यासाठी ते रोज संध्याकाळी चार नावं बदलत होते. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही हेही त्यांना ठाऊक असणार.

सत्यजीत हळूहळू खोलीत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला. "मामा, माझं चुकलं."

हौसरावांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, अनोळखी स्टेशनवर उतरलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. त्यांना ते सोपं नव्हतं. मानेच्या शिरा ताणल्या, डावा खांदा थरथरला. मायानं मदत केली नाही आणि अडवलंही नाही. वेळ लागला, पण शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

तो तसाच उभा होता. मग बाहेर गेला.

खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर जे कलम लागायचं ते मी नंतर लावलं. पण त्या संध्याकाळी त्याला थांबवावं असं मला वाटलं नाही. माया पार्वतीबाईंना म्हणत होती, "मी आज इथंच राहिले तर चालेल का?" आणि पार्वतीबाई उत्तर न देता पातेल्यात आणखी एक मूठ तांदूळ टाकत होत्या.

मी अंगणात आले तेव्हा सत्यजीत फाटकाबाहेर उभा होता. आत दिवा लागला होता, खोलीतून मायाचा आवाज येत होता. ती वडिलांना काहीबाही सांगत होती, न थांबता.

"शिरूरला जायला गाडी कुठून मिळेल?" त्यानं विचारलं. "आईला जेवण द्यायचंय."

"चौफुल्यावरून."

तो मान हलवून हायवेच्या दिशेनं चालायला लागला. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. मला चौफुल्याचा रस्ता लागत नव्हता. माझा दौंडचा, पाटसवरून. तरी तो दिसेनासा होईपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.